निळी घंटी, रेशमी अळंबी आणि एकाच मापाचे दोन फलक

दिनांक : ९ ऑक्टोबर

प्रति,
मा. संरक्षण अधिकारी (संकटग्रस्त वनस्पती),
उद्यान व वनराई विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : परिचारिका, सरकारी रुग्णालय, राहणार वनराईमागील कर्मचारी वसाहत.

विषय : निळी घंटी (फूल) व रेशमी अळंबी (बुरशी) यांची आपण मागितलेली तुलना सादर करणे, व अळंबीच्या फलकाबाबत आजच निर्णय होणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा यापूर्वीचा अर्ज.
२) त्यावर आपल्या कार्यालयाचे उत्तर : "दोन्ही प्रजाती संकटग्रस्त यादीत एकाच श्रेणीत असल्याने त्यांच्या फलकांत भेद करता येत नाही. भेद असल्यास अर्जदाराने तो तुलनेसह लेखी मांडावा."

महोदय,

१. आपण तुलना मागितली, म्हणून अर्जदार ती करण्यास बसली आहे. अर्जदारास फुलांतले फारसे कळत नाही, बुरशीतले तर त्याहून कमी. जे कळले ते घरात घडले म्हणून कळले. त्यामुळे या तुलनेत शास्त्र थोडे आणि घर जास्त येईल, त्याबद्दल सांभाळून घ्यावे.

२. निळी घंटी हे फूल वनराईतल्या उतरणीवर पायवाटेच्या कडेने उगवते, हे आपणास ठाऊक आहेच. अर्जदाराच्या सासूबाई टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. निवृत्तीनंतर त्या रोज सकाळी छत्रीचा काठीसारखा आधार घेत त्या वाटेने फिरायला जात. ऊन असो नसो, छत्री हवीच. घंट्या फुलल्या की घरी येऊन सांगत, "आज माझ्या एक्स्चेंजमध्ये सगळ्या लाइनी सुरू झाल्या गं." पूर्वी ही फुले बघायला त्यांच्याशिवाय फारसे कोणी जात नसे. गेल्या वर्षी आपल्या विभागाने तिथे फलक उभा केला. हिरवी पाटी, पांढरी अक्षरे, मोठा रंगीत फोटो. "अत्यंत दुर्मिळ. कृपया मुळासकट उपटू नये." फलक लागला आणि लोकांना कळले की इथे काहीतरी उपटण्यासारखे आहे. फुले सरायच्या आत उतरणीवर खड्डेच खड्डे झाले. कंद गेले. सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत.

३. इथे आपल्या विभागाचे आभार मानणे अर्जदाराचे कर्तव्य आहे. आपण तिथे तारेचे कुंपण घातले, पहारेकरी नेमला, रोपवाटिकेत उरल्यासुरल्या कंदांपासून रोपे केली आणि ती परत आणून लावली. यंदा घंट्या पुन्हा फुलल्या. म्हणजे फुलाच्या बाबतीत चूक झाली, पण ती निस्तरता आली. तुलनेतला हा पहिला मुद्दा आहे, आणि खरे तर शेवटचाही हाच आहे. पण कार्यालयास तपशील लागतो, म्हणून पुढे लिहिते.

४. यंदा भर पावसाळ्यात वाटेच्या वरच्या टोकाला, जुन्या मोठ्या झाडांखाली, दुसरा फलक लागला. तेच माप, तीच हिरवी पाटी, तसाच फोटो. रेशमी अळंबी. "अत्यंत दुर्मिळ. एकेकाळी या परिसरातील लोक ही अळंबी आवडीने खात असत. कृपया मुळासकट उपटू नये." मजकूर फुलाच्या फलकावरून उतरवून घेतला असावा असे वाटते, कारण अळंबीला मूळच नसते. हे अर्जदारास नंतर कळले. तेव्हा अर्जदारानेही फलक वाचला होता आणि त्यात काही वावगे आहे असे तिला वाटले नव्हते.

५. सासूबाईंनीही तो वाचला. फलकाजवळच्या दोन-तीन अळंब्यांना त्यांनी हात लावला नाही, कारण त्या दुर्मिळ होत्या आणि सासूबाई नियमाने चालणाऱ्या होत्या. पण थोडे पुढे एका झाडाखाली त्यांना तशाच अळंब्यांचे पुंजकेच्या पुंजके दिसले. त्यांनी फोटो आठवला. तोच फिकट रंग, तीच रेशमासारखी चकाकी. त्या घरी येऊन अर्जदाराच्या पतींना म्हणाल्या, "अरे, दुर्मिळ कुठल्या! ढीगभर आहेत तिकडे. सरकारला काय कळतंय! आणि उपटल्या नाहीत हो मी, पाटीवर लिहिलंय तसं बोटांनी हळूच मोडून घेतल्या, जमिनीलगत."
ढीगभर होत्या, कारण त्या पाटीवरच्या नव्हत्याच, महोदय.

६. अर्जदाराचे पती लिफ्टचे मेकॅनिक आहेत. त्या दिवशी ते दुपारी जेवायला घरी आले होते. सासूबाईंनी अळंब्या कांद्यावर परतल्या. दोघांनी मिटक्या मारत खाल्ल्या. अर्जदार दिवसपाळीला होती, म्हणून तिच्यासाठी वाटीभर झाकून ठेवल्या. संध्याकाळी घरी आल्यावर अर्जदाराने वाटी उघडून वास घेतला. वास छान होता. पण वॉर्डात कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक खाऊन तिचे पोट भरले होते. "उद्या डब्यात नेते," असे म्हणून तिने वाटी फ्रिजमध्ये ठेवली. तो केक कुणाचा होता हे अर्जदारास आज आठवत नाही.

७. पहाटे दोघांनाही उलट्या सुरू झाल्या. दोघांना अर्जदाराने स्वतःच्याच वॉर्डात आणले. सलाईन लागले. त्या दिवशी दोघांचे हाल पाहवत नव्हते, पण अर्जदार परिचारिका आहे, तिला उलट्या-जुलाबांचे भय वाटत नाही. अन्नातून काहीतरी झाले असेल, उतरेल, असे तिला वाटले. आणि तसेच झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघेही टवटवीत. सासूबाईंनी चहा मागितला, शेजारच्या खाटेवरच्या बाईंकडून कंगवा घेऊन केस विंचरले. पती म्हणाले, "अगं, तुझ्या सरकारी दवाखान्यात लोक बरे पण होतात की! जाहिरात करा जरा." अर्जदारही हसली. डॉक्टरांनी घरी सोडण्याचे कागद तयार करायला सांगितले.

८. परंतु ते डॉक्टर काम अर्धवट सोडणारे नव्हते. काय खाल्ले होते, हे त्यांनी पुन्हा विचारले, आणि अळंबी म्हटल्यावर महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकांना फोन लावला. त्यांना तिथे सगळे बुरशीबाई म्हणतात. त्या आल्या. त्यांनी सासूबाईंना झाड नेमके कुठले ते विचारले, वॉर्डातला एक स्टीलचा चमचा मागून घेतला आणि वनराईत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातमोज्यात मातीने भरलेले पांढरे काहीतरी होते. फुटक्या अंड्याच्या कवचासारखे.

९. बुरशीबाईंनी अर्जदारास कॉरिडॉरमध्ये घेऊन जे सांगितले, ते आपण मागितलेल्या तुलनेतला दुसरा मुद्दा म्हणून लिहिते. रेशमी अळंबी आणि तिच्यासारखी दिसणारी विषारी अळंबी यांतला खात्रीचा फरक जमिनीखाली असतो. विषारी अळंबीच्या दांड्याच्या बुडाशी पांढरी खोळ असते. अळंबी मातीतून अख्खी उकरून काढली तरच ती दिसते. जमिनीलगत मोडली, तर खोळ मातीत राहते आणि हातात येते ती नुसती सुंदर अळंबी. फुलाला "मुळासकट उपटू नये" म्हटले तर फूल वाचते. अळंबीला तेच म्हटले तर माणसाला सावध करणारी एकुलती एक खूण मातीत राहते. एकच वाक्य, महोदय. एकाच मापाच्या पाटीवर.

१०. अर्जदार बुरशीबाईंना म्हणाली, "पण आता दोघं बरे आहेत."
बुरशीबाई भिंतीला टेकल्या. म्हणाल्या, "त्यांना घरी सोडू नका. बरं वाटतंय ना, तेच वाईट आहे. या विषाचं असंच असतं. आधी उलट्या, मग एक दिवस माणूस ठणठणीत. आणि तेवढ्या वेळात ते आत यकृत खात असतं."

११. अर्जदाराने नोकरीत पुष्कळ पाहिले आहे. जळलेले पाहिले, बुडालेले पाहिले. परंतु त्या दिवसाइतकी ती कधी भ्यालेली नाही. दोन खाटांच्या मधल्या स्टुलावर ती बसली होती. डावीकडे सासूबाई जुन्या ऑपरेटर मैत्रिणीची नक्कल करून दाखवत होत्या. उजवीकडे पती भूक लागली म्हणून कटकट करत होते. दोघांचे गाल लाल, आवाज खणखणीत. अर्जदार त्यांच्या डोळ्यांतल्या पांढऱ्या भागाकडे बघत होती. कोपऱ्याला पिवळी झाक आली का? नाही. आता? नाही. पती म्हणाले, "अशी काय टक लावून बघतेस? लग्नाला इतकी वर्षं झाली, आज रूप दिसलं होय?" ते घरी जायला निघाले तेव्हा अर्जदाराने त्यांचे बूट औषधांच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. भरल्या वॉर्डासमोर ते तिच्यावर चिडले. खरे कारण तिने त्यांना सांगितले नाही. रुग्ण आनंदात असताना त्याला काय सांगायचे, हे आम्हांला कोणी शिकवलेले नाही.

१२. संध्याकाळी सासूबाईंनी तिला जवळ बोलावले. आयुष्यभर लोकांच्या आवाजांत राहिलेली बाई. तिला चेहऱ्यापेक्षा गळा लवकर कळत असे. म्हणाल्या, "तुझा आवाज खाली गेलाय. माझं काही खरं नाही का?" अर्जदार म्हणाली, "तसं काही नाही आई, दमलेय." त्या म्हणाल्या, "बरं. मग त्याला आधी बघा. मी जास्त खाल्लीय, माझं काय ते होईल." यावरून त्यांना कळले होते की नाही, हे अर्जदार आजही सांगू शकत नाही.

१३. दुसऱ्या दिवशी दोघांचेही डोळे पिवळे झाले. रुग्णवाहिकेतून मोठ्या शहरातल्या रुग्णालयात हलवले. पतींनी कामावर परतायच्या घाईत चार घास कमी खाल्ले होते. ते वाचले. ते आता अर्धा जिना चढले की थांबतात आणि लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला जिना चढवेना म्हणून हसतात. सासूबाई गेल्या. शेवटी त्यांना माणसे ओळखू येत नव्हती. त्या नंबर जोडून देत होत्या.

१४. यानंतर अर्जदाराने संदर्भ १ चा अर्ज केला. आपल्या उत्तरात असेही म्हटले आहे की, "मृत्यू ज्या बुरशीमुळे झाला ती फलकावरील बुरशी नव्हे, सबब फलकावरील माहिती अचूक आहे." महोदय, हे खरे आहे. फलकावर एकही अक्षर खोटे नाही. अर्जदाराने ते वाक्य पुन:पुन्हा वाचले आणि दर वेळी तिला जास्त भीती वाटली. खोटे असते तर दुरुस्त करता आले असते.

१५. आता आपण मागितलेल्या तुलनेचा उरलेला भाग. बुरशीबाईंनी समजावला, तो अर्जदाराच्या शब्दांत असा.
निळ्या घंटीला पत्ता असतो. जिथे कंद आहे तिथे फूल आहे. ते मोजता येते, त्याभोवती तार लावता येते, वाटिकेत वाढवून परत आणता येते. रेशमी अळंबीचे तसे नाही. आपल्याला दिसते ती अळंबी म्हणजे जणू झाडाला लागलेले फळ. ते झाड मात्र जमिनीखाली असते, धाग्यांचे, जुन्या झाडांच्या मुळांना गुंफलेले. ते कुंडीत येत नाही. त्याला तार कुठून कुठपर्यंत लावायची, हे बुरशीबाईंनाही सांगता येत नाही. फुलाला माणसाच्या हातापासून धोका आहे. या बुरशीला माणसाच्या पायांपासून आहे, कारण माती तुडवून घट्ट झाली की धागे गुदमरतात. आणि त्याहून जास्त कुऱ्हाडीपासून, कारण ती जुनी झाडे गेली की तीही गेली. म्हणजे फलक लावून माणसे गोळा करणे हे अळंबीच्याही हिताचे नाही. तिला वाचवायचे तर झाडे राखावीत, वाट वळवावी आणि तिथे काय उगवते याचा गवगवा करू नये. फुलाच्या वाटेला लोक गेले तर फूल मरते. अळंबीच्या वाटेला गेले तर अळंबीही मरते आणि तिच्या शेजारणीला हात लावणारा माणूसही मरतो. या दोघी यादीत एका श्रेणीत असतील. जमिनीवर त्यांच्यात काहीही सारखे नाही.

१६. अर्जदार हे सर्व आजच का लिहीत आहे, ते आता सांगणे भाग आहे. सासूबाईंची बातमी पसरल्यावर लोक घाबरतील असे तिला वाटले होते. झाले उलटेच. लोक ती जागा बघायला येऊ लागले. फोटो काढतात. "विषारी ती वेगळी, पाटीवरची खायची असते," असे एकमेकांना ठामपणे सांगतात. पाळी संपली की अर्जदार तिथे जाऊन उभी राहू लागली. एकाने तोंडावर सांगितले, "बाई, तुम्हांला एकटीला न्यायच्या असतील." उद्यानाचे माळीकाका तिला रोज घरी जा म्हणतात आणि रोज स्वतः शेजारी उभे राहतात. वॉर्डात उलटीचा रुग्ण आला की अर्जदार नाव विचारायच्या आधी काय खाल्ले ते विचारते. वसाहतीत कुणी समोरून आले की नमस्कार करताना त्याचे डोळे पांढरे आहेत ना, ते बघते. लोक तिला टाळू लागले आहेत.

१७. आज सकाळी एक नवरा-बायको कापडी पिशवी घेऊन पुढच्या झाडाखालून येताना दिसले. अर्जदाराने पिशवीत काय आहे विचारले. गृहस्थ भले होते, चिडले नाहीत. त्यांनी एक अळंबी काढली, फलकावरच्या फोटोशेजारी धरली आणि म्हणाले, "बघा ना, तुम्हीच सांगा. तीच आहे की नाही?"
महोदय, ती हुबेहूब तीच होती. अर्जदाराच्या घरातले माणूस या विषारी अळंबीने गेले, तिने बुरशीबाईंकडून धडे घेतले, आणि तरीही फोटो आणि ती अळंबी यांत अर्जदारास काडीचा फरक दिसला नाही. क्षणभर तिला असेही वाटून गेले की, असेल, तीच असेल, आपल्यालाच वेड लागले आहे. त्या वाटण्याची तिला फार भीती वाटली. तिने पिशवी हिसकावली आणि ती जमिनीवर ठेवून तिच्यावर बसली.

१८. बराच गोंधळ झाला. गृहस्थ पोलिसांना बोलावतो म्हणाले, त्यांच्या पत्नी रडू लागल्या. माळीकाकांनी त्या झाडाखालची चमचाभर माती उकरून बुडाची खोळ आणून दाखवली, तेव्हा ते गृहस्थ अर्जदाराशेजारीच खाली बसले. त्यांच्या घरी आज पाहुणे येणार होते, असे ते पुन:पुन्हा सांगत राहिले.

१९. माळीकाकांनी पतींना फोन केला होता. ते वाटेत दोनदा थांबत आले. झाला प्रकार त्यांनी ऐकून घेतला. अर्जदारास वाटले, आता ते तिला घरी नेतील. त्यांनी हत्यारांची पेटी उघडली. म्हणाले, "अगं, लिफ्ट बिघडली की आधी दारावरची ‘चालू आहे’ची पाटी काढतात. दुरुस्ती मग." आणि पान्याने फलकाचे चारही बोल्ट खोलले. त्यांना दम लागला, तेव्हा शेवटचा बोल्ट त्या गृहस्थांनी खोलला.

२०. सरकारी मालमत्तेस हात लावला, हा गुन्हा आहे याची अर्जदारास जाणीव आहे. जी शिक्षा असेल ती तिला द्यावी. पतींना देऊ नये, त्यांची प्रकृती तेवढी नाही. मात्र खालील विनंत्यांचा निर्णय शिक्षेच्या आधी व्हावा, कारण झाडाखाली आज सकाळी नव्या अळंब्यांची टोके वर आलेली अर्जदाराने स्वतः पाहिली आहेत.
(क) सदर फलक पुन्हा त्या जागी लावू नये.
(ख) वाट जुन्या झाडांपासून दूर वळवावी. झाडे तोडू नयेत.
(ग) वनराईच्या दारावर एवढेच लिहावे, की इथली कोणतीही अळंबी खाऊ नये. फोटो नको. नाव नको.
(घ) संकटग्रस्त यादीत बुरशी वनस्पती विभागाखाली ठेवली आहे, ती बुरशी जाणणाऱ्या कुणाकडे तरी सोपवावी. बुरशीबाई तयार आहेत.

२१. अर्जदार हा अर्ज आपल्या कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाकावर बसून लिहीत आहे. शिपाई म्हणतो, साहेब बैठकीत आहेत, अर्ज ठेवून जा. अर्जदार ठेवून जाणार नाही. तिची रजा टाकलेली आहे. पती खाली जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले आहेत. आपल्या कार्यालयाची लिफ्ट बंद आहे, ती ते बघून देतो म्हणतात. निर्णय होईपर्यंत आम्ही दोघेही इथेच आहोत.

आपली भ्यालेली, तरीही न उठणारी,
(सही)
अर्जदार परिचारिका

सोबत जोडले आहे :
१. सासूबाईंच्या मृत्यूचा दाखला, प्रत.
२. आपल्या कार्यालयाचे उत्तर, प्रत.
३. कापडी पिशवी, तोंड शिवलेली. कृपया उघडू नये.
४. रेशमी अळंबीचा फलक, एक नग, बोल्टसह. बाकाला टेकवून ठेवला आहे. येणारे-जाणारे वाचत आहेत, म्हणून अर्जदाराने तो भिंतीकडे तोंड करून ठेवला आहे.